क्षणभराचे अनवधान

कऱ्हाडहून चिपळूणला जाणारी एस. टी. कोयनानगर मागे टाकून कुंभार्ली घाटात शिरते. पावसाळ्यात दरी धुक्याने भरून जाते. वळण अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. गाडीत कोणी डुलक्या घेतो, कोणी शेंगा सोलतो, एखादे मूल खिडकीतून धबधबे मोजते. चालक मात्र सावध असतो. चाळीस-पन्नास जीव त्याच्या दोन डोळ्यांवर विसंबलेले असतात.

घाटात धोका उघड दिसतो. म्हणून तेथे मन आपोआप जागे राहते. खरी परीक्षा होते ती घाट उतरल्यावर. रस्ता सरळ व मोकळा लागला, की मन सैलावते आणि नजर भटकू लागते. अशा वेळी खिशातील मोबाइल वाजतो. निरोप कोणाचा, हे पाहण्यास कितीसा वेळ लागणार? फार तर तीन सेकंद! परंतु ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी तेवढ्यात ५० मीटर पुढे जाते. तेवढे अंतर चालकाने जणू डोळे मिटूनच तोडलेले असते. त्याच वेळी एखादे वासरू आडवे आले, किंवा शाळेतून परतणारी मुले रस्ता ओलांडू लागली, तर? धोका ओळखून पाय ब्रेकवर पडेपर्यंत आणखी सुमारे एक सेकंद जातो, आणि ब्रेक दाबल्यावरही गाडी जागच्या जागी थांबत नाही. ओल्या रस्त्यावर तर ती अधिकच पुढे जाते.

केवळ डोळे रस्त्यावर असून भागत नाही. फोन हातात नसला, तरी मन संभाषणात गुंतले असेल, तर समोरची वस्तू डोळ्यांना दिसूनही मनाला उमगत नाही. मोबाइल हातात धरून वाहन चालविणे २०१९ च्या कायदा-दुरुस्तीने दंडनीय ठरविले आहे. पण दंड भरून गेलेला प्राण परत येत नाही.

या कामी प्रवाशांचाही वाटा आहे. चालकाशी गप्पा मारू नयेत, गाडीत दंगा करू नये, वडील गाडी चालवीत असता वाजलेला फोन मुलाने घ्यावा, अशा लहान गोष्टींनी मोठे अनर्थ टळतात. वाहन यंत्राने धावते. सुखरूप पोहोचते ते चालकाच्या अवधानाने.