दातांच्या तारा आणि कोल्हापुरी पाहुणचार

दातांना तारा लावणे हा शाळकरी वयातला उपचार, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. त्यामुळे पन्नाशी उलटलेल्या धर्मगुरूच्या तोंडात त्या पाहून धर्मग्रामातील काही मंडळींना हसू आवरेना. आम्हांला चिंता होती ती निराळीच. घरभेटीस आलेल्या धर्मगुरूला रिकाम्या पोटी परत पाठवणे कोल्हापूरकरांच्या स्वभावात नाही आणि प्रेमाने वाढलेले नाकारणे आमच्या!

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. सूक्ष्म तंतूंनी तो हाडाशी बांधलेला असतो. तारेच्या मंद, सततच्या दाबाने एका बाजूचे हाड झिजते आणि दुसऱ्या बाजूस नवे भरून येते. तार आवळल्यावर दोन-चार दिवस चावताना कळ येते, ती यामुळेच. पूर्वी दातांभोवती धातूची कडी बसवीत. १९५५ साली बुओनोकोर या संशोधकाने दाताचा पृष्ठभाग आम्लाने किंचित खरखरीत करून त्यावर भरण पक्के चिकटवण्याची रीत दाखवली. पुढे तिच्याच आधारे तार धरणारी इवली ब्रॅकेट्स थेट दातावर चिकटवली जाऊ लागली. चिकटवलेली वस्तू टणक किंवा चिवट घासाने निखळते, हे ध्यानी ठेवले की पथ्य आपोआप उमगते.

म्हणून दाताने ऊस सोलणे, चिक्की, भडंगातले शेंगदाणे, सुपारी, बर्फ चावणे, हे सारे तूर्त वर्ज्य. परंतु पथ्य म्हणजे उपवास नव्हे. कळ असेल त्या दिवसांत मऊ भात, वरण, दही, केळे पुरते. पांढरा रस्सा तर जणू याच दिवसांसाठी निर्माण झाला असावा! तोंड सोलवटले असेल तर तांबडा रस्सा जरा दूर ठेवावा. मटण हाडावेगळे करून बारीक तुकड्यांनी खावे. भाकरी आमटीत कुस्करावी, मिसळीतले फरसाण कटात भिजू द्यावे. पेरू, सफरचंद पातळ कापून दाढेने चावावे. कणसाचे दाणे सोलून उकडावेत.

तार टोचू लागल्यास दंतवैद्याने दिलेले मेण तिच्यावर दाबावे, ती स्वतः कापू नये. कोमट मिठाच्या पाण्याने आराम पडतो. खाल्ल्यावर चूळ भरून, तारांखाली ब्रश फिरवून दात स्वच्छ करावेत. अन्यथा तारा निघाल्यावर दातांवर पांढरे डाग उरतात.

ही माहिती कोणताही दंतवैद्य देईल. एक गोष्ट मात्र आम्हांला नाताळाच्या दिवसांत एका घरी उमगली. सारे फराळाला बसले असता त्या घरची तेरा वर्षांची मुलगी बशी घेऊन आत गेली. तारांत अन्न अडकते, हसताना दिसते, म्हणून ती कित्येक आठवडे कोणाबरोबर जेवलीच नव्हती. आम्हीही आमची बशी घेऊन स्वयंपाकघरात गेलो. चकली आणि शंकरपाळी दोघांनी बाजूला सारली. केक आणि रव्याचा लाडू संपवला. आमच्या तारांत अडकलेला बेदाणा तिनेच आम्हांला दाखवला, आणि मग ती मोकळेपणाने हसली.

तारा दीड-दोन वर्षांत निघतात. एकटे जेवण्याची सवय मात्र तितक्या सहज निघत नाही. ज्या घरात अशी मुले आहेत, तेथे आईवडिलांनी पंगतीत एखादा मऊ पदार्थ सर्वांसाठीच करावा, तिला वेगळे ताट वाढू नये.