बारा वर्षे उभी असलेली गाडी

राजदूत मोटारसायकल ठाऊक नाही असा चाळिशीपुढचा माणूस आमच्या वऱ्हाडात सापडणे कठीण. फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीने काढलेली, पोलंडच्या एका गाडीवरून बेतलेली, १७३ सीसीची, एका सिलिंडरची टू-स्ट्रोक गाडी. दूधवाले, ग्रामसेवक, कापसाचे दलाल आणि चळवळीतले कार्यकर्ते यांची ती विशेष लाडकी. कारण एकच, खेड्यातले रस्ते तिला मानवत. कंपनीने ती केव्हाच बंद केली. तरी अकोल्याकडून बार्शीटाकळीला येताना एखादी अजून दिसते, मागे कडब्याचा भारा घेऊन.

आमच्या वडिलांनी, म्हणजे दादांनी, अशीच एक जुनी राजदूत १९८९ साली साडेपाच हजारांत घेतली. दादा जिनिंगमध्ये कामगार. घरात पत्रे गळत होते आणि यांनी गाडी आणली म्हणून मायने दोन दिवस अबोला धरला होता. पण गाडी घरासाठी नव्हतीच. परमपूज्य बाबासाहेबांनी ४ मे १९५५ रोजी भारतीय बौद्ध महासभा स्थापन केली. तिच्या शिबिरात शिकून दादा बौद्धाचार्य झाले होते. लग्न, नामकरण, पुण्यानुमोदन, कुठूनही निरोप आला की कॅरिअरला पत्र्याची पेटी बांधून निघायचे. पेटीत पांढरे कपडे, मेणबत्त्या, तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर आणि 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासाचे तीन महिने तर रोज रात्री कुठल्या ना कुठल्या गावी ग्रंथवाचन. दक्षिणा नाही, फक्त पेट्रोलचे पैसे, तेही मिळाले तर.

मायला मात्र या गाडीचा पराकोटीचा राग. समाजकार्य करणाऱ्या पुरुषांवर आपल्या पाक्षिकांतून, साप्ताहिकांतून पुष्कळ लिहून येते. घरी वाट पाहणारीवर कोण लिहितो? नाल्यापलीकडून राजदूतचा फटफट आवाज आला की ती चुलीवर तवा ठेवायची. आवाज रात्री अकराला येवो की एकला.

२०१३ साली दादांचे गुडघे गेले आणि गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली. २०१९ साली दादा गेले. गाडी तशीच. त्या चार खेड्यांतले वर्षावासाचे वाचनही गाडीबरोबरच थांबले होते. शेवटची एसटी साडेसहाला परत फिरते आणि वाचन सुरू व्हायचे रात्री आठला, बाया रोजंदारीवरून येऊन भाकरी टाकून मोकळ्या झाल्या की. मग तिथे जायचे कसे आणि यायचे कसे, या एका प्रश्नावर प्रत्येक बैठक उठायची.

२०२५ च्या मे महिन्यात भंगारवाला दारात आला. राजदूतचे चार हजार देतो म्हणाला. माय म्हणाली, "देऊन टाक. त्या गाडीनं तुह्या बापाले घरात कधी राहू देलं नाही." आमचा बारावीतला मुलगा मध्येच म्हणाला, "आजी, चालू करून पाहू ना." आम्ही म्हटले, पाहू. माय काही बोलली नाही. संध्याकाळी मात्र तिने अट घातली. गाडी सुरू झाली तर पहिल्या वाचनाला मागच्या सीटवर ती बसणार. चोवीस वर्षे तिने त्या गाडीचा फक्त आवाज ऐकला होता.

वस्तीच्या कोपऱ्यावरचे मिस्त्री चाचा दादांच्या वेळचे. ते आले आणि आमच्या मुलाचा किकवरचा पाय त्यांनी आधी खाली उतरवला. "किक नको मारू, बेटा. आतमध्ये पिस्टन चिकटला असेल. जोर लावला तर रिंगा तुटतील." त्यांनी प्लग खोलला, त्या भोकातून दोन झाकणे इंजिन ऑइल सोडले आणि वर चिंधी कोंबून दिली. रात्रभर तसेच. दुसऱ्या दिवशी गियर टाकून मागचे चाक हाताने अंगठाभर पुढे, अंगठाभर मागे. हलेना. पुन्हा तेल, पुन्हा रात्र. तिसऱ्या दिवशी सकाळी आतून कुर्र असा आवाज आला आणि चाकाबरोबर पिस्टन हलला. मुलाने आरोळी ठोकली. चाचा म्हणाले, आता कुठे सुरुवात.

चाचांची रीत आम्हाला फार आवडली. ते गाडीला नवस बोलत नाहीत की शिव्या देत नाहीत. ठिणगी पडते का, पेट्रोल पोहोचते का, सिलिंडरमध्ये दाब धरतो का, एवढे तीनच प्रश्न. तिन्हींची उत्तरे 'होय' आली की इंजिन चालू होणारच. नाही झाले तर यांतले एक उत्तर खोटे आहे. दादा वाचनात कार्यकारणाचा नियम समजावताना कधी दिव्याचे, कधी बियाण्याचे उदाहरण देत. गाडी रोज बाहेर उभी असे, तिचे उदाहरण कसे सुचले नाही कोण जाणे.

ठिणगी नव्हती. पॉइंटवर हिरवट बुरशी चढली होती. पॉलिश पेपरने घासले, कंडेन्सर आणि प्लग नवे घातले, तेव्हा निळी ठिणगी दिसली. पेट्रोलचे काम त्याहून किचकट. टाकीत पेट्रोल असे उरलेच नव्हते, तळाशी वार्निशसारखा चिकट थर आणि त्याला तसाच वास. आत गंजाचे पापुद्रे. चाचांनी टाकीत मूठभर नट आणि लिटरभर डिझेल घालायला सांगितले. आम्ही बापलेकांनी आळीपाळीने ती पाळण्यासारखी हलवली, दोन रविवार. गंजाचे लाल पाणी निघत होते ते थांबेपर्यंत. कार्बोरेटरचे जेट तर पार बुजलेले. मुलगा सुई घेऊन बसला, तेव्हा चाचांनी ती काढून घेतली. सुईने भोक मोठे होते आणि मग गाडी आयुष्यभर जास्त पेट्रोल पिते. पेट्रोलमध्ये भिजवायचे आणि पंपाने हवा मारायची.

हवेच्या फिल्टरमध्ये उंदराचे घरटे निघाले, सगळे सरकीच्या कापसाचे. मायने ते पाहिले आणि म्हणाली, "जिनिंगचा कापूस इथंही आलाच." क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटल्या होत्या, ब्रेकचे लायनर काचेसारखे गुळगुळीत झाले होते, टायरांना भेगा. सायलेन्सरच्या आतली नळी काजळीने इतकी बुजली होती की फुंकर जाईना. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच जळते, त्याची ही राख. ती नळी अंगणात लाकडाच्या जाळात टाकली, लाल होईपर्यंत.

आजच्या पेट्रोलची आणखी एक भानगड. २०२५ साली पंपोपंपी २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आले. इथेनॉल हवेतले पाणी ओढते आणि जुन्या रबराला खाते. म्हणून पेट्रोलची नळी, कार्बोरेटरची वॉशरे नव्या रबराची घातली, आणि चाचांनी बजावले की गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत चालवायची. ऑइल लिटरला ४० मिली. सगळा खर्च टायरांसह ९,२५० रुपये, त्यातले ३,४०० टायर-ट्यूबचे. जुन्या बाजारात एवढ्यात धड सायकलही येत नाही, असे म्हणणार होतो. पण येते, आम्ही चौकशी केली आहे.

जूनच्या शेवटच्या रविवारी, अकराव्या किकला, गाडी सुरू झाली. अख्खी गल्ली धुरात. शेजारचे काका नारळ आणि लिंबू-मिरची घेऊन धावत आले, मनाने चांगला माणूस. मायने लिंबू-मिरची परत केली, नारळ ठेवून घेतला. "फोडते न, चटणीसाठी."

पण सुरू झाली म्हणजे रस्त्यावर आली असे नव्हे. इथून पुढे कागद. नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण; दादांनी शेवटचे केले होते त्याची मुदत २०१७ मध्येच संपलेली. गाडी दिवंगत माणसाच्या नावावर, म्हणून आधी वारसाचा फॉर्म ३१, मग नूतनीकरणाचा फॉर्म २५, विमा, पीयूसी, पर्यावरण कर, नवी सुरक्षा नंबरपाटी. शिवाय जुन्या आरसी पुस्तकाची नोंद संगणकात नव्हतीच, ती आधी चढवून घ्यायची. आमचा जन्म फायलींत गेला, त्यामुळे आम्हाला याचा कंटाळा नाही. उलट तपासणीच्या दिवशी साहेबाने इंजिन नंबर टॉर्च लावून वाचला आणि "माझ्या वडिलांकडे होती," असे म्हणाला, तेव्हा बरेच वाटले. मात्र यात ऑगस्ट संपला. १० जुलैच्या आषाढ पौर्णिमेला वाचन सुरू झाले ते एका कार्यकर्त्याच्या स्कूटरवर, चारपैकी दोनच गावांत. बिनकागदाची गाडी धम्माच्या कामाला न्यायची नाही हे आम्ही ठरवले होते. त्यावर मंडळातल्या पोरांनी आमची थट्टाही केली.

७ सप्टेंबरला भाद्रपद पौर्णिमा. माय पांढरे लुगडे नेसून, त्यावर नातवाचे हेल्मेट घालून मागे बसली. पत्र्याची पेटी मांडीवर धरली, कॅरिअरला बांधू दिली नाही. नऊ किलोमीटरला अर्धा तास लागला. विहारात वीसेक बाया, सात-आठ पुरुष, पोरे. मायने त्रिसरण-पंचशील म्हटले, आम्ही वाचले. साडेनऊला वाचन आटोपले, पण कोणी उठेना. त्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होते. गावाच्या दुसऱ्या बाजूला दारे लागलेली, झाकलेल्या भांड्यांवर तुळशीची पाने. आपल्या वस्तीत मात्र सगळे ओट्यावर. ढग होते, मधूनच फट पडायची. दहाच्या सुमारास चंद्राची कड कुरतडल्यासारखी दिसू लागली आणि अकराला तो तांबूस झाला.

चहाच्या कपबशा घेऊन एक गरोदर सून दाराशी आली, सातवा महिना. तिची सासू आम्हा सगळ्यांबरोबर ओट्यावर बसलेली, तरी तिच्या तोंडून निघालेच, "तू आत राह्य बाई." बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा म्हणणाऱ्या घरातही भीती अशी चौकटीशी उभी असते. आम्ही पृथ्वीची सावली समजावू लागलो. मायने आम्हाला गप्प केले. तिने सुनेचा हात धरून शेजारी बसवले, डोक्यावरचा पदर मागे सारून दिला. "माह्या पोटात हा होता तवा मी गिरहनात निंदन केलं. पाह्य, कान-नाक शाबूत हाय की नाही याचं." सगळ्या बाया आमच्याकडे पाहून हसल्या. सासूही हसली. सून साडेबारापर्यंत तिथेच बसून होती.

परतीच्या वाटेवर गाडी हळू केली की सहा व्होल्टचा दिवा मंद व्हायचा, म्हणून वेग धरावा लागत होता. माय पाठीमागून एकदाच बोलली, उरलेली तीन गावे कधी घ्यायची हे विचारायला. नाला ओलांडला तेव्हा पावणेदोन वाजले होते. घरात उजेड होता. मुलाने आवाज ऐकून गॅसवर तवा ठेवला होता.