आगेऱ्याच्या लोंब्या

ऑक्टोबरचा पहिला रविवार म्हणजे आम्हा ईस्ट इंडियन लोकांचा आगेरा, नव्या भाताचा सण. फादर चर्चमध्ये लोंब्यांना आशीर्वाद देतात. पण आम्ही भिवंडीच्या आडगावात, चर्च लांब, पावसाळ्यात रस्ता चिखलाचा. म्हणून आय सण घरीच करायची. बाप पहाटे दवातून हळव्या भाताच्या लोंब्या आणायचा, आय त्या क्रूसापाशी बांधायची अन् मला बायबल वाचायला बसवायची. तिला अक्षरओळख नव्हती, पण माझी चूक बरोबर पकडायची. "मागनं वाच," म्हणायची.

दोन वर्षांपूर्वी शेताचा शेवटचा तुकडा गोडाऊनला दिला. देणं होतं. कुणी जबरदस्ती केली नाही, सही मीच केली. आगेरा आला तसं पोटात कालवलं. बायको म्हणाली, "मूठभर तांदूळ ठेवा की दुकानातले." मला ते पटेना. शेजारच्या आगरी दोस्ताकडे गेलो. त्यानं काही विचारलं नाही, विळा हातात दिला. "घे, तूच काप."

संध्याकाळी नातीनं रूथची गोष्ट वाचली. इंग्रजी शाळेतली पोर, जोडाक्षरं फोडून वाचते. परक्याच्या शेतात सरवा वेचणारी रूथ, अन् तिच्यासाठी मुद्दाम कणसं टाकून ठेवा असं गड्यांना सांगणारा बवाज. नात मध्येच थांबली.

"आजोबा, आपण पण दुसऱ्याच्याच शेतातल्या आणल्या ना?"

"हो," म्हटलं. "मागनं वाच."