पैंजणाच्या वर

सन 1998 मध्ये मी लग्न होऊन शनिवार पेठेत आले, तेव्हा आमचा जुना वाडा अजून उभा होता. माजघरापासून गच्चीपर्यंत बावीस लाकडी पायऱ्या. दिवसातून आठ-दहा खेपा होत. जिन्याच्या तोंडाशी जपमाळ घेऊन बसणाऱ्या माझ्या चुलत सासूबाई मला चढताना पाहत आणि म्हणत, "सूनबाई, अंगाने अगदी काडी आहेस, पण पाय मात्र वाड्याच्या खांबासारखे!" त्यांच्या बोलण्यात दुष्टावा मुळीच नव्हता. मीही हसत असे. मात्र हसून झाल्यावर साडीच्या निऱ्या किंचित खाली ओढत असे, हे त्यांना दिसत नसावे.

माहेरून आलेले चांदीचे पैंजण लग्नात सहज बसले होते. मुलगा झाल्यानंतर एक विचित्र गोष्ट लक्षात आली. पैंजणाची कडी तशीच सहज लागे, घोटा होता तेवढाच होता, पाऊलही निमुळते होते. परंतु घोट्याच्या वर पोटरीचे मांस दुमडलेल्या बाहीसारखे येऊन पैंजणावर टेकू लागले. संध्याकाळी पाय जड होत. नातवंडांपैकी कुणी धावत येऊन मांडीवर बसले की कळ उठे. कुठे आपटल्याचे आठवत नसताना मांड्यांवर काळेनिळे डाग उमटत. पैंजण मी डबीत ठेवून दिले आणि वाढत्या अंगाला दोष दिला.

त्यानंतरची सतरा-अठरा वर्षे मी त्या अंगाशी भांडत होते. भात सोडला, तूप सोडले, रात्रीचे जेवण तर आमच्याकडे नव्हतेच. वजन एकदा सात किलोंनी उतरले. चेहरा ओढला गेला, ब्लाउजांना दोन्ही बाजूंनी टाके घालावे लागले, आणि मांडीचे माप फीतभर हलले नाही. अडतिसाव्या वर्षी पर्युषणात अठाई केली. पारण्याच्या दिवशी एक नातलग बाई सर्वांसमोर म्हणाल्या, "आठ दिवस पाण्यावर राहूनही पाय तसेच? भावात काही उणे राहिले असेल." तप हे देह बारीक करण्याचे साधन नव्हे, हे लहानपणापासून मला शिकवलेले आहे. पण प्रामाणिकपणे सांगायचे तर त्या आठ दिवसांत मी रोज स्नानानंतर पायांकडे पाहत होते. म्हणून ते वाक्य अधिक लागले.

माझ्या आईचीही कथा अशीच. तिचे आयुष्य वर्धा जिल्ह्यात गेले. तो भाग हत्तीपायाचा, त्यामुळे जाड पाय दिसले की सर्वांच्या तोंडी एकच नाव. हत्तीपायाचे सूक्ष्म जंतू रात्री रक्तात येतात, म्हणून रात्री रक्त घेऊन तपासणी करीत. आईचे रक्त दोनदा घेतले गेले, दोन्ही वेळा काही सापडले नाही, तरीही हेट्राझानच्या गोळ्या तिने काही महिने खाल्ल्या. आज मला आठवते ते तिचे पाऊल. दोन्ही पाय सारखेच जाड आणि पाऊल मात्र एखाद्या मुलीसारखे नाजूक, जोडवी सैल फिरत असलेली. हत्तीपायात सहसा पाऊलच आधी सुजते आणि पुष्कळदा एकच पाय अधिक सुजतो. एवढी साधी गोष्ट आमच्या डोळ्यांसमोर होती, आणि ती आम्ही कोणीही पाहिली नाही.

सन 2019 मध्ये गुडघेदुखीच्या निमित्ताने रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सक असलेल्या एका बाईंकडे गेले. त्यांनी गुडघा बाजूला ठेवला आणि विचारले, "पैंजण घालता का? कुठे अडते?" मग माझ्या पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी कातडीची चिमूट धरून पाहिली, ती सहज उचलली गेली. लसिकेची सूज असती तर तशी चिमूट बहुधा धरता येत नाही, असे त्या म्हणाल्या. पोटरीवर अंगठा दाबला; खड्डा पडला नाही, मला मात्र दुखले. कातडीखाली भिजवलेल्या साबुदाण्यासारखे दाणे बोटांना लागत होते, तेही त्यांनी मला स्वतःच्या हाताने चाचपून पाहायला लावले. मग म्हणाल्या, "याला लिपेडिमा म्हणतात. तुमच्या खाण्यामुळे हा झालेला नाही."

मी त्यांच्यासमोर रडले. नंतर त्याची लाज वाटली, आता वाटत नाही.

हा विकार नवा नव्हे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या ॲलन आणि हाइन्स या डॉक्टरांनी 1940 साली त्याचे वर्णन करून त्याला नाव दिले. तो जवळजवळ केवळ स्त्रियांनाच होतो. वयात येताना, गर्भारपणात किंवा पाळी जाताना सुरू होतो वा वाढतो, आणि अनेकदा आईकडून मुलीकडे येतो. त्वचेखालची चरबी दोन्ही पायांवर, कधी दंडांवरही, सारख्या प्रमाणात साठते, दुखते, आणि उपाशी राहून हटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या नव्या वर्गीकरणात, जे 2022 पासून लागू झाले, त्याला स्वतंत्र स्थान मिळाले. आपल्याकडे साडीने तो झाकला, आणि झाकलेल्या गोष्टीचे निदान कोण करणार?

आता प्रकाशाविषयी, कारण ओळखीच्या अनेक भगिनी मला त्याविषयीच विचारतात. निदानाच्या आधी तीन वर्षे मी एका वजन कमी करणाऱ्या केंद्रात गेले होते. तेथे लाल दिव्यांचा पट्टा मांड्यांना गुंडाळीत आणि 'चरबी वितळते' असे सांगत. बारा बैठकांचे पैसे आगाऊ घेतले. काहीही वितळले नाही. त्यामुळे पुढे भौतिकोपचार करणाऱ्या बाईंनी प्रकाशोपचाराचे नाव काढले, तेव्हा मी उठूनच निघाले होते. त्यांनी थांबवून समजावले. बुडापेस्टच्या एंद्रे मेस्टर यांनी 1967 मध्ये मंद लेसर उंदरांवर वापरला, तेव्हा त्यांच्या भादरलेल्या जागी केस लवकर उगवले. तेथून या शास्त्राची सुरुवात झाली. लाल आणि डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश, साधारण 600 ते 1100 नॅनोमीटरचा, कातडीतून काही अंतर आत जातो. पेशींमध्ये ऊर्जा तयार करणारी जी केंद्रे असतात, त्यांतील एक विकर हा प्रकाश शोषून घेते. त्यामुळे रक्तप्रवाह सुधारतो व दाह कमी होतो, असे मानतात. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर हाताला जी सूज येते, तिच्यासाठी अशा एका लेसर उपकरणाला अमेरिकेत 2006 मध्ये मान्यता मिळाली. लिपेडिमासाठी मात्र मोठ्या चाचण्यांचा भक्कम पुरावा अजून नाही, हे त्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितले. मला त्यांचा विश्वास वाटला तो त्या वाक्यामुळे.

मी आठवड्यातून दोनदा, दहा आठवडे तो उपचार घेतला. डोळ्यांवर चष्मा, पायांवर कोमट ऊन पडल्यासारखी ऊब, एवढेच. सुई नाही, छेद नाही. पायांचा घेर कमी झाला नाही. परंतु रात्रीचा ठणका उतरला आणि कुशीवर झोपता येऊ लागले. त्यातले प्रकाशामुळे किती आणि त्याच सुमारास सुरू केलेल्या दाबमोज्यांमुळे किती, हे मला वेगळे करून सांगता येणार नाही. ज्यांना कर्करोग झालेला आहे, ज्या गर्भवती आहेत किंवा ज्यांच्या औषधांमुळे कातडी उजेडाला हळवी होते, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

खरा आधार दाबमोज्यांचाच. मापे घेऊन विणलेले, सपाट विणीचे, महाग. सकाळी रबरी हातमोजे घालून ते चढवण्यात दहा मिनिटे जातात आणि एप्रिलमध्ये पुण्याच्या उन्हात ते नकोसे होतात, तरीही घालते. हलक्या हाताने लसिकेचा निचरा करणारे मर्दन शिकले. ओंकारेश्वरापाशी पूल ओलांडून बालगंधर्व रंगमंदिरापर्यंत चालत जाऊन परत येते. तलावात छातीइतक्या पाण्यात चालणे तर फारच उपयोगी, कारण पाणी स्वतःच चहूबाजूंनी पायांना दाब देते. चरबी शोषून काढण्याची शस्त्रक्रिया असते. पण ज्या डॉक्टरांनी निदान केले, त्यांनी माझ्या अवस्थेत ती सुचवली नाही. आहार मी सांभाळते, तो गुडघ्यांसाठी आणि साखरेसाठी. पाय बारीक होतील ही आशा त्याला आता बांधलेली नाही.

हे सर्व लिहावेसे वाटले ते माझ्या मुलीमुळे. निदान झाले त्या वर्षी ती तेराची होती. तिने स्कर्ट घालणे सोडले होते. नंतर डबा अर्धा परत येऊ लागला, मग पूर्ण. दुपारी एक कोरडा खाखरा, रात्री काही नाही. विचारले की म्हणे, "मम्मी, पोट भरलंय." शाळेत तिला कोणीतरी काहीतरी म्हटले होते, काय, ते तिने आजही सांगितलेले नाही. एके दिवशी शाळेच्या जिन्यात ती चक्कर येऊन पडली. त्या संध्याकाळी मी डबीतले पैंजण काढले आणि तिच्या पायात घातले. कडी सहज लागली. वर पोटरीची बारीकशी घडी दिसत होती. मग मी माझा पाय तिच्या पायाशेजारी ठेवला आणि आजीच्या जोडव्यांपासून सर्व काही तिला सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे मी जेवले असते तरी पाय असेच राहिले असते?" मी हो म्हटले. तिने त्या रात्री वरण-भात मागितला. सूर्यास्त होऊन गेला होता, तरी सासूबाईंनी स्वतः उठून तो गरम केला.

आता ती अठरा वर्षांची आहे, महाविद्यालयात जाते, जीन्सखाली दाबमोजे घालते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी ती फीत घेऊन बसते आणि आम्हा दोघींची मापे एका वहीत लिहिते: घोटा, पोटरी, मांडी. या वेळी तिच्या पोटरीचे माप गेल्या वर्षीइतकेच भरले. माझे अर्धा सेंटिमीटर वाढले होते. तिने ते लिहिले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "काल लग्नात पाच तास उभी होतीस ना." मग मोजे आणायला उठली.