राखणदाराची पाठवणी

मारबतीच्या दिवशी महाल भागात स्कूटर घालायची नाही, हा माझा जुना नियम. पण काकूंचा तिसऱ्यांदा फोन आला. "अरे भाऊ, हे काढलं तरी निघूनच नाही राहिलं बाप्पा!" काळी-पिवळी मारबत गावाची रोगराई घेऊन निघालेली, आणि मी ढोलताशांच्या गर्दीतून गाडी ढकलत एक अँटिव्हायरस घालवायला चाललेलो.

काकूंच्या कॉम्प्युटरवर दोन होते. एक दुकानदाराने मशीनसोबतच टाकून दिलेला, मुदत संपलेला. दुसरा भाच्याने टाकलेला. प्रत्येक फाइल दोघेही तपासणार, वर एकमेकांवर संशय घेणार. मशीन सुरू व्हायला नऊ मिनिटं. काकूंनी जुन्याचं फोल्डरच डिलीट करून पाहिलं, तर 'परवानगी नाही'. स्वतःच्या घरात परवानगी नाही, याचाच त्यांना जास्त राग.

लोक म्हणतात, कंपन्या मुद्दाम चिकटवून ठेवतात. काही बाबतींत खरंही आहे. काढून टाकायचं बटण शोधायला भिंग लागतं. पण मूळ चिवटपणा वेगळा. चांगला व्हायरस (चांगला म्हणजे हुशार) आत शिरला की आधी पहारेकऱ्याचाच गळा धरतो. म्हणून अँटिव्हायरस विंडोजच्या गाभ्यात आपले ड्रायव्हर रोवतो, मशीनला जाग येताना पहिल्या काहींत उठतो आणि आपल्या फाइलींना कुणाला हात लावू देत नाही. पुसणारा चोर आहे की मालकीण, हे त्याला ओळखता येत नाही. अर्ज केल्यासारखं, त्याच्याच दाराने त्याला बाहेर काढावं लागतं.

हे मी ठेच खाऊन शिकलो. सुरुवातीच्या काळात मानेवाड्यातल्या एका घरी मी सेफ मोडमध्ये जाऊन फोल्डरं हाताने पुसली, रजिस्ट्रीत नाव शोधून दिसेल ते उडवलं, आणि ऐटीत शंभर रुपये घेतले. संध्याकाळी फोन: इंटरनेट बंद. नेटवर्कच्या वाटेवर बसवलेला ड्रायव्हर गेला होता, पण त्याची नोंद तशीच राहिली होती. नाका रिकामा, फाटक मात्र पडलेलं. दुसऱ्या दिवशी विंडोज नव्याने टाकून दिलं, फुकट.

म्हणून आता घाई नाही. आधी फोटो आणि कागदपत्रं पेनड्राइव्हवर. डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल तर त्याची रिकव्हरी की हाताशी. मग सेटिंग्जमधून साधं अनइन्स्टॉल, रीस्टार्ट. त्यानंतर त्याच कंपनीने दिलेलं सफाईचं टूल, शक्यतो सेफ मोडमध्ये; कुठे काय रोवलंय, हे ज्याने रोवलं त्यालाच ठाऊक. पुन्हा रीस्टार्ट. शेवटी अ‍ॅडमिनच्या काळ्या खिडकीत 'एफएलटीएमसी' ही आज्ञा. फाइलींच्या वाटेवर कोण कोण बसलंय, त्याची यादी येते. प्रत्येकापुढे 'उंची'चा आकडा असतो. अँटिव्हायरसचा मजला 3,20,000 पासून पुढे. तिथे जुनं नाव दिसलं, तर काम झालेलं नाही, मग स्क्रीनवर काहीही लिहून येवो.

एवढ्या आत बसलेला पहारेकरी चुकला तर काय होतं, ते 19 जुलै 2024 ला जगाने पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे 85 लाख विंडोज मशीन कोलमडली. आणि उपाय? सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसणं, कित्येक ठिकाणी एकेका मशीनपुढे बसून. त्या दिवशी मला विमानतळांवर तशी बसलेली अनोळखी पोरं आपली वाटली.

तसा अँटिव्हायरसचा हा धंदा दुरुस्तीच्याच टेबलावरचा. पुण्यात कैलास काटकर कॅल्क्युलेटर आणि पुढे कॉम्प्युटर दुरुस्त करायचे. येणाऱ्या मशीनमधले व्हायरस काढायला धाकट्या भावाने, संजयने, प्रोग्रॅम लिहिले. त्यातून 'क्विक हील' उभं राहिलं.

काकूंकडे दोन तास आणि पाच रीस्टार्ट लागले. यादीत 3,28,010 वर एकच नाव उरलं, विंडोजच्या डिफेंडरचं. बाकीचे गेले तसा तो आपणहून कामावर आला होता.

"दोन्ही काढले? मग राखण कोण करन?"

"घरचाच आहे ना काकू. वर्षाचे पैसेही नाही मागत."

त्यांना ते फारसं पटलं नाही. तान्ह्या पोळ्याला सजवलेला नातवाचा लाकडी बैल मी कॅबिनेटवरून खाली ठेवला होता. त्यांनी तो उचलला, पदराने पुसला आणि पुन्हा वर ठेवला, तोंड दाराकडे करून.