न पिणाऱ्यालाही लागू होणारा कायदा

"आपण पीतच नाही, मग दारूच्या कायद्याशी आपला काय संबंध?" परदेशी निघालेल्या आपल्या मुलांकडून हे वाक्य मी अनेकदा ऐकतो. आमच्या कोकणातल्या मोहल्ल्यांमधून कितीतरी तरुण आखातात नोकरीला जातात. त्यांची नियत साफ असते, पण हे उत्तर अपुरे आहे. कायदा फक्त पिणाऱ्याला पकडत नाही. दारू जवळ बाळगणे, वाहून नेणे, विकणे हेही गुन्हे ठरतात.

दुसरा गैरसमज असा की, 'मुस्लिम देश' म्हटला की सगळीकडे एकच नियम. सौदी अरेबियात १९५२ पासून बंदी आहे. २०२४ मध्ये रियाधला एक दुकान उघडले, तेही बिगरमुस्लिम राजनैतिक अधिकाऱ्यांसाठी. पण सौदीतून सुमारे २५ किलोमीटरचा किंग फहद पूल ओलांडला की बहरीन लागते आणि तिथल्या परवानाधारक हॉटेलांत दारू मिळते. मलेशियात तर माणसागणिक कायदा बदलतो. बिगरमुस्लिमाला जी बिअर चालते, तीच प्यायल्याबद्दल २००९ मध्ये एका मुस्लिम महिलेला शरिया न्यायालयाने सहा फटक्यांची शिक्षा सुनावली. पुढच्या वर्षी ती बदलून समाजसेवेची झाली.

आपल्याला याचे नवल वाटू नये. महाराष्ट्र आणि गुजरात या दोन्ही राज्यांना वारशाने मिळाला तो १९४९ चा एकच मुंबई दारूबंदी कायदा. आज इथे परवान्यावर दारू मिळते, तिथे बंदी आहे.

माझा भाचा ड्रायव्हर म्हणून शारजाला जायला निघाला, तेव्हा मी त्याला हेच समजावत होतो. दुबईच्या हॉटेलांत दारू उघड मिळते. शेजारच्या शारजात बंदी आहे. देश एक, पण अमिरातीची हद्द ओलांडली की नियम वेगळा. त्याने विचारले, "मामू, साहेबांनीच दुबईहून बाटल्या आणायला सांगितल्या तर?"

प्रश्न खरा होता. घरी आई-वडील, डोक्यावर व्हिसा-तिकिटाचे कर्ज, आणि नोकरी त्याच साहेबांच्या हातात. मी म्हणालो, "गाडी साहेबांची असली तरी चालवणारा तू असशील. पोलिसांनी थांबवली तर पहिला प्रश्न तुलाच विचारतील. तुरुंगवास झाला, देशाबाहेर काढले, तर कर्ज कोण फेडणार? पहिल्याच दिवशी अदबीने सांग की, हे काम मी करणार नाही. नोकरी गेलीच तर दुसरी शोधू."

विमानतळावर ओळखीच्या माणसाने "एवढी पिशवी ने" म्हटले, तरी हीच खबरदारी घ्यावी. निघण्यापूर्वी त्या देशाचा, त्या शहराचा आणि वाटेत जिथे विमान बदलायचे तिथलाही नियम पाहून घ्यावा.

आणि हराम म्हणजे फक्त पिणे, असे आपण का समजतो? दारूबाबत ज्या दहा जणांवर लानत आहे असे हदीसमध्ये आले आहे, त्यांत पिणारा आहे, तसा ती वाहून नेणाराही आहे. तिथल्या पोलिसांच्या आधी आपल्या दीननेच आपल्याला हे सांगून ठेवले आहे.