टाळ आणि ट्वीटर

शेलूत माझ्याकडे गाडी घेऊन येणारं गिऱ्हाईक निदान करूनच येतं. "दादा, आवाज फाटतोय." "चिरका लागतोय." "पहिल्यासारखा दणका नाय राहिला." औषधही त्याचं त्यानेच ठरवलेलं असतं: स्पीकर बदला. मी आधी पेनड्राइव्ह मागतो. तो लॅपटॉपला लावून फाइलींचं वजन बघितलं की अर्धा आजार तिथेच कळतो. पाच मिनिटांचं गाणं अडीच एमबीत बसलेलं असलं, तर पुढे कितीही भारी स्पीकर लावा, पैसे पाण्यात.

ही गाणी कुठून येतात हे विचारायची गरज नसते. कधीकाळी मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड दिलं की 'गाणी भरून' मिळायची. तोच साठा कार्डातून फोनमध्ये, फोनमधून पेनड्राइव्हवर, मोठ्या भावाच्या पिकअपमधून धाकट्याच्या ईकोत असा फिरत राहिलेला असतो. गाण्याच्या नावापुढे कुठल्यातरी बंद पडलेल्या वेबसाइटचं नाव अजून चिकटलेलं असतं.

हिशेब सोपा आहे. सीडीवर दर सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने असतात, प्रत्येक नमुना १६ बिटांचा आणि डावं-उजवं वेगळं. म्हणजे सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट. पाच मिनिटांचं गाणं पन्नासेक एमबीचं झालं. तेच १२८ किलोबिटच्या एमपीथ्रीत पाच एमबीच्या आत येतं, आणि ६४ च्या फाइलीत त्याच्याही निम्म्यात. एवढं फेकून गाणं शिल्लक कसं राहतं, याची युक्ती जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवली. १९९५ मध्ये या फाइलींना 'एमपीथ्री' हे शेपूट लागलं.

युक्तीचं मूळ आपल्या कानात आहे. शेलूच्या फलाटावर उभे असताना पुण्याची एक्स्प्रेस न थांबता धडधडत निघून जाते, तेव्हा शेजारचा माणूस बोलत असतो आणि आपल्याला फक्त त्याचे ओठ हलताना दिसतात. त्याचा आवाज हवेत असतो, पण मोठ्या आवाजाखाली झाकला जातो. एमपीथ्री बनवणारं सॉफ्टवेअर क्षणाक्षणाला हेच बघतं: आत्ता कोणता सूर मोठा आहे आणि त्याच्या आडोशाला काय झाकलं जाईल. झाकलं जाणारं ते ढोबळ करून टाकतं किंवा सोडून देतं. ढोबळपणामुळे जी खरखर तयार होते, तीही त्याच आडोशाला लपवतं. सगळी मदार या लपवण्यावर आहे.

आडोसा कुठे तोकडा पडतो हे ऐकायचं असेल तर टाळ ऐकावा. आमच्या कर्जत तालुक्यात हरिनाम सप्ताहांची वाण नाही. एका भजनी मंडळाचं मिक्सरवरून थेट घेतलेलं, न दाबलेलं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे, आणि तेच भजन गावभर फिरून ६४ किलोबिटची कळा घेऊन परत आलेलं, असंही आहे. स्पीकर तपासायला मी ही जोडी वापरतो. पखवाजाची धूम दोन्हींत जवळजवळ सारखी. बुवांचा आवाज दबलेल्या फाइलीत जरा नाकात गेल्यासारखा, पण ओळखीचा. टाळ मात्र पार बदलतो. मूळ रेकॉर्डिंगमध्ये पितळेवर पितळ पडल्याचा टोकदार क्षण आहे, आणि मग लांबत विरणारी किणकिण. दबलेल्या फाइलीत आघाताच्या आधीच एक हलकी 'फस्' ऐकू येते. एमपीथ्री आवाजाचे तुकडे पाडून काम करतं, मोठा तुकडा साधारण २६ मिलिसेकंदांचा. आघात तुकड्याच्या शेवटी पडला तरी त्याची खरखर पूर्ण तुकड्यावर पसरते, म्हणजे घाव बसण्याआधीही. मोठा आवाज आपल्या आधीचंही थोडं झाकतो, पण जेमतेम काही मिलिसेकंद. म्हणून अशा जागी छोटे तुकडे पाडायची सोय ठेवलेली आहे. पण बिटच कमी असले तर तीही पुरत नाही. मागची किणकिण तर पाण्याखाली वाजल्यासारखी बुडबुडते. पाचदहा टाळकरी एकदम असले की सगळ्यांची मिळून एकच चुळचुळ होते.

आता हे गाडीत आणा. लोक म्हणतात, गाडीत एवढा गोंगाट, तिथे फाइल कसलीही चालते. हे अर्धं खरं आहे. काचा बंद करून ऐंशीच्या वेगाने जाणाऱ्या साध्या गाडीत ६५-७० डेसिबलचा घुमारा असतोच. पण तो बहुतेक खालच्या पट्टीतला असतो: टायर, रस्ता, इंजिन. त्याच्याखाली बेस झाकला जातो, तंबोरा झाकला जातो, गायकाचा श्वास जातो. वरच्या पट्टीत तो घुमारा विरळ होतो. म्हणजे टाळ, झांज, 'स'चा सीत्कार हे भाग उघडेच राहतात, आणि नेमकी तिथेच दाबलेल्या फाइलीची घाण बसलेली असते. त्यात ट्वीटर, म्हणजे वरची पट्टी वाजवणारा छोटा स्पीकर, काचेच्या कडेला, खांबावर, कानापासून हाताच्या अंतरावर.

आणि मग इक्वलायझर. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्यांत बेस आणि ट्रेबल दोन्ही टोकाला लावलेले असतात. बेसचं मला पटतं, रस्ता तो खातोच. ट्रेबलचं पटत नाही. फाइल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरने खरखर लपवताना धरून चाललेलं असतं की गाणं आहे तसं ऐकलं जाईल. तुम्ही वरची पट्टी दहा डेसिबल उचललीत, की खालच्या सुरांच्या आडोशाला दडवलेली खरखर त्यांच्या डोक्यावरून वर येते. 'सराउंड'चं बटण त्याहून वाईट. ते डाव्या-उजव्यातला फरक काढून फुगवतं, आणि कमी बिटांच्या फाइलीत तो फरकच सगळ्यात कंजूषपणे साठवलेला असतो. जुन्या फुटकळ स्पीकरांवर हे कळत नव्हतं, कारण त्यांना वरचं वाजवताच येत नव्हतं. नवे चांगले बसवले की तीच फाइल ओरडते. मग गिऱ्हाईक म्हणतं, "जुनाच बरा होता." बरोबर म्हणतं.

हल्लीचा रोग वेगळा आहे. पेनड्राइव्हवर सगळ्या फाइली '३२०' दिसतात, वजनही भरपूर. पण त्या यूट्यूबवरून उतरवून कुठल्यातरी कन्व्हर्टरमधून काढलेल्या असतात. यूट्यूबवरचा आवाज आधीच दाबलेला. त्याला ३२० च्या पिशवीत घातलं म्हणून गेलेलं परत येत नाही. उलट दुसऱ्यांदा दाबताना पहिल्याची खरखर खरा सूर समजून जपली जाते. फाइलीचं चित्र काढून दाखवणारी फुकट सॉफ्टवेअर आहेत, त्यात अशी फाइल टाकली की बरेचदा १६ किलोहर्ट्झच्या आसपास सुरीने कापल्यासारखी सपाट रेघ दिसते. ही रेघ मी दाखवतो, पण जपून. कारण पन्नाशीतल्या कानाला त्या रेघेच्या वरचं तसंही ऐकू येत नाही. खरा बिघाड रेघेच्या खाली असतो आणि चित्रात तो इतका ठळक दिसत नाही. ब्लूटूथने ऐकलं तर फोन गाणं उलगडून पुन्हा एकदा दाबतो. फाइल चांगली असेल तर ते खपून जातं. आधीच दोनदा पिळलेली असेल तर कळतं.

'सैराट'चं मला नेहमी वाटतं. २०१६ च्या त्या सिनेमासाठी अजय-अतुल यांनी अमेरिकेत जाऊन मोठ्या वाद्यवृंदाचं खरंखुरं रेकॉर्डिंग केलं. आमच्याकडे ते वाजलं ते फिरत्या फाइलींवरून, भाताच्या गोण्या लादलेल्या पिकअपमध्ये. 'झिंगाट'चं काही बिघडलं नाही, ते कशावरही वाजतं. पण 'याड लागलं'मधला तंतुवाद्यांचा थर त्या फाइलींत साबणाच्या फेसासारखा झालेला मी कितीदा ऐकलाय.

हळदीच्या गाण्यांचं प्रकरण निराळं. बँजो, कीबोर्ड, ढोलकी, सगळं स्टुडिओतच एका पातळीला ठोकून आणलेलं असतं. हेही दाबणंच, पण यात फाइल लहान होत नाही, लहान-मोठ्या आवाजातलं अंतर मारलं जातं. ही गाणी मूळ सीडीवरून दिली तरी कानाला थकवा येणारच. तिथे मी फाइलीला दोष देत नाही, ट्रेबल खाली घेतो आणि गप्प बसतो.

माझं मत विचाराल तर एकदाच नीट बनवलेली २५६ किंवा ३२० ची फाइल चालत्या गाडीला पुरे. न दाबलेली फाइल आणि ही, नेरळच्या रस्त्यावर मला स्वतःला ओळखता येत नाही, आणि ओळखतो म्हणणाऱ्याला मी फाइलींची नावं झाकून ऐकवतो. शहरातून इकडच्या नव्या कॉम्प्लेक्समध्ये राहायला आलेली काही मंडळी हजारोंच्या केबलींबद्दल विचारतात. त्यांना मी दाराचं पॅनल उघडून दाखवतो: पत्रा उघडा, भोकं तशीच, स्पीकरचा पुढचा-मागचा आवाज एकमेकांना मारतोय. आधी तिथे डॅम्पिंग शीट चिकटवा, स्पीकरभोवती गॅस्केट लावा. बेस तिथून येतो. मग ट्रेबल मध्यावर आणा. मग गाणी बदला. स्पीकर सगळ्यात शेवटी, लागलेच तर.

या क्रमाने धंदा कमी होतो हे मला कळतं. सगळ्यांना पटतही नाही. नेरळहून माथेरानच्या दस्तुरीपर्यंत फेऱ्या मारणाऱ्या एका टॅक्सीवाल्याला ट्रेबल मध्यावर आणून दिला तर म्हणाला, "आवाज पडला की हो दादा." मी म्हटलं, दोन दिवस वापरा. तिसऱ्या दिवशी आला तेव्हा ट्रेबल पुन्हा टोकाला होता. माथेरानचा घाट चढताना दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन बोंबलतं, त्याच्यावर गाणं ऐकू यायला हवं, हे त्याचं म्हणणं. त्याच्यापुरतं ते खोटं नव्हतं. मग त्याच्या आवडीची गाणी मूळ सीड्यांवरून ३२० ला काढून दिली आणि ट्रेबल त्याच्या मनासारखा ठेवला. चांगल्या फाइलीला एवढं उचलणं सोसतं.